कामांची भावकी

आमच्या हजेरीपटावर तेव्हा 23 पदनावं होती. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली मध्यम आकाराची फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना, तिला लागून मशीन शॉप, सगळे मिळून अडीचशेच्या आत माणसं आणि नावं 23. हेल्पर, सीनियर हेल्पर, कोअर हेल्पर, ऑपरेटर, ऑपरेटर-कम-हेल्पर, मोल्डर, फेटलर, इन्स्पेक्टर, आणि एकाचं पदनाव तर नुसतं ‘जनरल’. (मोल्डर म्हणजे वाळूचा साचा करणारा, कोअर म्हणजे ओतलेल्या मालात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा ठोकळा, फेटलर म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासून साफ करणारा.) ही नावं कुणी एका बैठकीत ठरवली नव्हती. कधी करारात, कधी पगारवाढ द्यायला, कधी पगारवाढ टाळायला, अशी वर्षानुवर्षं साठत गेली होती. मी तिथं मनुष्यबळ विभागात काम करते.

2021 च्या महापुरानंतर ऑर्डरी एकदम वाढल्या आणि भरतीची घाई झाली. तोवर आमच्याकडं माणूस घेण्याची पद्धत म्हणजे कुणाच्या तरी ओळखीचा, पाहुण्यातला, गावातला. मला ती बदलायची होती. बाहेरच्या एका संस्थेकडून लेखी चाचणी आणली. 60 प्रश्न, चार भाग: आकडेमोड, आकृत्या ओळखणं, यंत्राची समज आणि दिलेली सूचना वाचून तसं करणं. पास व्हायला 36 गुण. मोल्डिंगला येणारा असो, स्टोअरला येणारा असो, पेपर एकच आणि पासची रेघ एकच. हे न्याय्य आहे असं मला मनापासून वाटत होतं. वशिला नाही, जात नाही, गाव नाही, फक्त गुण.

दुसऱ्याच महिन्यात मोल्डिंगचे मामा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. अठ्ठावीस वर्षं वाळूत काढलेला माणूस, अख्ख्या कंपनीचे मामा.

“मॅडम, त्या राधानगरीकडच्या पोराला परत का धाडलं?”

“मामा, पेपरात कमी पडला. 29 आले.”

“आन् त्येला घेणार हुता कुठं?”

“फेटलिंगला.”

“फेटलिंगला पेपर कशाला लागतोय?”

मला उत्तर देता आलं नाही. पेपरात 36 मिळवणारा फेटलिंगमध्ये बरं काम करतो आणि 29 वाला करत नाही, हे मी कधी तपासलंच नव्हतं. संस्थेनं सांगितलं, मी मानलं. तो मुलगा तोवर दुसरीकडं लागलाही होता.

चाचणीची वैधता म्हणतात ती हीच गोष्ट: चाचणीतले गुण आणि पुढं प्रत्यक्ष काम यांचा मेळ बसतो का. तो मोजायला सहसंबंध काढतात. शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे पुरता मेळ. भरतीच्या चांगल्या चाचण्यांचाही सहसंबंध एकच्या जवळपास कुठं जात नाही. 0.3 आला तरी ती चाचणी उपयोगाची मानतात. मी ठरवलं, आपल्या प्रत्येक पदासाठी हा आकडा काढायचा. जे आधीपासून कामावर आहेत त्यांनाच पेपर द्यायचा आणि त्यांच्या कामाशी ताडून बघायचं.

इथं पहिली अडचण आली ती आकड्यांची नव्हती. पेपरची बातमी कँटीनमध्ये पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर सात-आठ जण माझी वाट बघत होते. “मॅडम, नापास झालो तर काढणार काय?” वीस वर्षं भट्टीवर उभा राहिलेला माणूस मला हे विचारत होता आणि त्याच्या आवाजात खरी भीती होती. मी मालकांकडं गेले, त्यांच्या सहीनं नोटीस लावून घेतली: या पेपरचे गुण कुणाच्याही वैयक्तिक फाइलला लागणार नाहीत, सुपरवायझरला दाखवले जाणार नाहीत, पगाराशी, बढतीशी, कामावर ठेवण्याशी त्यांचा संबंध नाही. उत्तरपत्रिकेवर नाव न लिहिता मी दिलेला क्रमांक लिहायचा, आणि क्रमांकांची यादी फक्त माझ्या कपाटात. एवढं झाल्यावर लोक बसले. अशी तपासणी करणाऱ्यानं हे पहिल्या दिवशीच करायला हवं. मी आठवा दिवस उजाडू दिला, ही माझी चूक.

पेपर झाले आणि मी पदनावानुसार सहसंबंध काढत बसले. सीएनसीवर 14 जण. व्हीएमसीवर 9 (ही दोन्ही संगणकावर चालणारी यंत्रं). साध्या लेथवर 11. आकडे कसेही येत होते. एका पदाला चाचणी उत्तम, शेजारच्या पदाला उलटी, म्हणजे जास्त गुणवाला कामात कमी. दोन्ही कामं एकाच छपराखाली, दहा फुटांच्या अंतरावर.

राजारामपुरीत माझ्या ओळखीचे संख्याशास्त्राचे एक निवृत्त सर राहतात. कागद घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी सगळे आकडे एकदाही न वाचता विचारलं, “एका पदावर माणसं किती?” मी सांगितलं. ते म्हणाले, “मग यातलं काहीच वाचू नकोस.” आणि पेन्सिलीनं कडेला लिहून दिलं. माणसं 11 असतील तर सहसंबंध 0.60 च्या पुढं गेल्याशिवाय तो निव्वळ योगायोग नाही असं म्हणता येत नाही. 14 असतील तर 0.53. 20 असतील तर 0.44. खरा मेळ जिथं 0.3 च्या आसपास असायचा, तिथं 11 माणसांत तो दिसणारच नाही, आणि जो दिसेल तो नशिबाचा खेळ असेल. “63 माणसं आण,” सर म्हणाले, “मग 0.25 सुद्धा बोलायला लागतो.”

त्यांनी 63 हा आकडा उगाच घेतला नव्हता. माझ्याच कागदावरच्या पाच पदांची बेरीज त्यांनी मनात करून ठेवली होती.

एका पदावर 63 माणसं आमच्याकडं कधीच नसणार. कोल्हापुरातल्या बहुतेक फौंड्रीत नसणार. गोकुळ शिरगाव घ्या, शिवाजी उद्यमनगर घ्या, कारखाना छोटा आणि कामं नाना प्रकारची. त्यामुळं इथं भरतीची चाचणी कुणी तपासतच नाही. एक तर डोळे झाकून मानायची किंवा डोळे झाकून टाकून द्यायची. तिसरी वाट म्हणजे सारखी कामं एकत्र करायची आणि त्या गटावर तपासायची. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे सी. एच. लॉशे यांनी 1952 मध्ये नेमका हाच प्रश्न छोट्या कारखान्यांसाठी मांडला होता: काम त्याच्या घटकांत फोडा, घटकाघटकाला चाचणी लागू पडते का बघा, मग त्यांतून त्या कामाची वैधता जोडून काढा. पुढं तिथल्याच अर्नेस्ट मॅककॉर्मिक यांनी कुठलंही काम मोजता येईल अशी 194 घटकांची प्रश्नावली तयार केली. हे वाचून मला धीर आला, कारण आमची अडचण आमच्या मागासपणाची नव्हती.

सारखी कामं कोणती? मला वाटलं सोपं आहे. सगळे ‘ऑपरेटर’ एकत्र, सगळे ‘हेल्पर’ एकत्र. करून बघितलं, पुन्हा तोच गोंधळ. मग केंद्र सरकारचं व्यवसायांचं राष्ट्रीय वर्गीकरण काढलं, 2015 चं. त्यात धातूचे मोल्डर आणि कोअर मेकर एका कुळात, क्रमांक 7211. मशीन टूलचे सेटर-ऑपरेटर दुसऱ्या कुळात, 7223. देशभराच्या नोंदींसाठी ते बरोबरच असेल. पण आमच्या शॉपमध्ये कोण काय करतं, हे त्या क्रमांकांत नव्हतं.

शेवटी वही घेऊन शॉपमध्ये उतरले. तीन शिफ्ट, सहा आठवडे. प्रत्येक कामाची लहान लहान वाक्यं करायची: ‘व्हर्निअरनं माप घेतो’, ‘ऑफसेट बदलतो’, ‘वाळूची ओल हातानं तपासतो’, ‘वीस किलोच्या वरचं कास्टिंग उचलतो’, ‘नोंदवहीत हीट नंबर लिहितो’ (ऑफसेट म्हणजे यंत्रातली मापाची दुरुस्ती, हीट नंबर म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक). दीडशेच्या वर वाक्यं झाली, छाटून 86 ठेवली. प्रत्येक पदावरचे दोन जाणते कामगार आणि एक सुपरवायझर यांनी प्रत्येक वाक्याला तीन गोष्टी सांगायच्या: हे किती वेळा करावं लागतं, चुकलं तर नुकसान किती, आणि शिकायला दिवस किती जातात.

यातली एक रात्र मी विसरणार नाही. कोअर सेटिंगला एक मुलगा होता, हजेरीपटावर ‘कोअर हेल्पर’. मी त्याच्या वाक्यांत ‘कोअर उचलून देतो’, ‘जागा साफ ठेवतो’ एवढंच लिहिलं होतं. मामा माझ्यामागं उभे होते. म्हणाले, “कागद ऱ्हाऊ द्या मॅडम. पोरगं कोअर कसं धरतंय ते बघा.”

मी बघितलं. पंपाच्या बॉडीचा कोअर, वाळूचा, हातातून निसटला तर चुरा. त्यानं तो दोन्ही तळव्यांवर घेतला, दिव्याकडं धरून फिरवला. अंगठ्याची कड सांध्यावरून सावकाश नेली. एका ठिकाणी थांबला, कानशीचे दोन हलके घाव, पुन्हा अंगठा. हवा मारली. गेज लावला, हलवून बघितला, काढला. मग साच्याच्या खालच्या बॉक्समध्ये बसवला आणि कोअरच्या पाठीवर चार ठिकाणी मऊ मातीच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या ठेवल्या. वरचा बॉक्स बंद करून पुन्हा उघडला. तीन गोळ्या सारख्या चेपलेल्या, चौथी जास्त. म्हणजे तिथं भिंत पातळ येणार. त्यानं कोअर काढला, बाजूला ठेवला, दुसरा घेतला. या सगळ्यात तो एक शब्द बोलला नाही.

“नाव हेल्पर हाय,” मामा म्हणाले, “काम मोजणाऱ्याचं हाय. त्यो चुकला तर मशीन शॉपला जाऊन कळतंय, तवर मालाचा खर्च सगळा झालेला असतोय.”

मी त्याची वाक्यं खोडून पुन्हा लिहिली. वहीतली नवी नोंद अंतिम तपासणीच्या इन्स्पेक्टरच्या नोंदीशेजारी ठेवली, तर दोन्ही जवळजवळ एकच होत्या. फरक एवढाच की एक जण लोखंड मोजत होता आणि दुसरा वाळू.

सगळे तक्ते झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी ट्रेनिंग हॉलच्या फरशीवर 23 पदांचे 23 कागद पसरले. सर, मामा, मशीन शॉपचे फोरमन आणि मी. आधी डोळ्यांनी जवळची कामं जवळ सरकवली, नंतर तेच आकडे संगणकावर घालून बघितले. बहुतेक जागी दोन्ही जुळलं. सीएनसी, व्हीएमसी, लेथ, अंतिम तपासणी आणि कोअर सेटिंग एका ढिगात आले. मोल्डिंग लाइन, सँड प्लांट आणि भट्टी दुसऱ्या ढिगात, कारण तिथं चालू प्रक्रियेवर नजर ठेवून वेळेत बदल करणं हे मुख्य काम. फेटलिंग, ग्राइंडिंग, नॉकआउट, शॉट ब्लास्ट, म्हणजे ओतलेला माल सोडवून साफ करण्याची कामं, हा तिसरा. स्टोअर, डिस्पॅच, हीटच्या नोंदी हा चौथा. मी सारखी ‘जॉब फॅमिली’ म्हणत होते, तेव्हा मामा म्हणाले, “भावकी म्हना की. आडनाव येगळं लावत्यात, पन सुतक एकच.” तेव्हापासून आमच्याकडं हाच शब्द चालतो. पहिली भावकी, दुसरी भावकी.

पॅटर्न शॉपचे, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुने घडवणारे, तिघे कशातच बसेनात. फोरमन म्हणाले, घाला पहिल्यात, तेही मोजतातच. संगणक तसंच सांगत होता. सर तयार झाले नाहीत आणि मलाही ते पटलं नाही. पॅटर्नमेकर लाकडात जे घडवतो ते ड्रॉइंग वाचून मनात उलटं करून घडवतो, लोखंड थंड होताना आकसतं त्याची सूट धरून. वर्षानुवर्षं शिकावं लागणारं काम फक्त संख्या वाढवायला दुसऱ्यात ढकलणं चूक झालं असतं. मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियनही असेच वेगळे ठेवले.

पहिल्या भावकीत बरोबर 63 माणसं भरली: 14, 9, 11, 12 आणि कोअर सेटिंगचे 17. त्यांचं काम कसं आहे ते मोजायला मी प्रत्येकाच्या नावावरचं रिजेक्शन, म्हणजे नाकारला गेलेला माल, घेतलं आणि सगळ्यांना एकत्र करून सहसंबंध काढला. आकडा इतका सुंदर आला की मी रात्री अकरा वाजता सरांना फोन केला. ते म्हणाले, “सकाळी ये. तोवर कुणाला सांगू नकोस.”

सकाळी त्यांनी 63 ठिपक्यांचा आलेख काढायला लावला आणि प्रत्येक पदाचे ठिपके वेगळ्या रंगात. रंग भरल्यावर मलाच दिसलं. कोअरचं रिजेक्शन स्वभावानंच जास्त असतं, वाळूच ती. मशीनवरचं कमी असतं. मशीनवरची मुलं आयटीआय करून आलेली, पेपराचा सराव असलेली, त्यांचे गुण जास्त. कोअरवरची बहुतेक दहावीच्या आतली, गुण कमी. म्हणजे माझा तो सुंदर आकडा चांगला कामगार आणि कच्चा कामगार यांच्यातला फरक दाखवतच नव्हता. तो मशीन शॉप आणि कोअर शॉप यांच्यातला फरक दाखवत होता. एकेका रंगाच्या आत बघितलं तर ठिपके बरेच विखुरलेले.

एकत्र करताना सगळ्यात जास्त फसगत इथं होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कामं सारखी असली तरी मोजपट्ट्या सारख्या नसतात. त्यामुळं आधी प्रत्येक माणसाला त्याच्याच पदावरच्या माणसांशी ताडायचं. कोअरवाल्याचं रिजेक्शन कोअरच्या सरासरीपेक्षा किती कमी किंवा जास्त, आणि तो फरक त्या पदावरच्या नेहमीच्या चढउताराच्या किती पट. गुणांचंही तसंच. मग ते आकडे एकत्र. सुपरवायझरच्या शेऱ्यांनाही हेच लावलं, कारण आमचे एक सुपरवायझर सगळ्यांना दहापैकी आठ देतात आणि दुसऱ्यांच्या हातून पाचाच्या वर सुटत नाही. पहिल्याच्या हाताखालचे सगळे हुशार आणि दुसऱ्याच्या हाताखालचे सगळे मठ्ठ, असं थोडंच असतं.

हजेरी मी आधी कामाचं माप म्हणून धरली होती, ती काढून टाकली. जुलै 2021 च्या रकान्यात चिखली, आंबेवाडीच्या पोरांच्या नावापुढं सलग गैरहजेरी होती. पंचगंगेचं पाणी गावात, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, माणूस येणार कुठून? घरातलं धान्य माळ्यावर चढवणाऱ्या माणसाला मी ‘कामात अनियमित’ ठरवणार होते. तो महिना वगळून पुन्हा बघितलं तेव्हा त्यातले तिघे हजेरीत सगळ्यात पुढं निघाले.

सगळं दुरुस्त केल्यावर आकडा निम्म्याच्याही खाली उतरला, पण उरला. 63 माणसांत योगायोग म्हणून झटकता येणार नाही एवढा उरला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो चाचणीच्या कुठल्या भागामुळं उरला ते कळलं. पहिल्या भावकीत आकृत्यांचा आणि यंत्राच्या समजेचा भाग चालतो, घाईच्या आकडेमोडीचा भाग चालत नाही. दुसऱ्या भावकीत सूचना वाचून तसं करण्याचा भाग बऱ्यापैकी चालतो. तिसऱ्या भावकीत, म्हणजे जिथं तो राधानगरीकडचा मुलगा येणार होता तिथं, चारपैकी एकही भाग चालत नाही. मामा बरोबर होते, आणि आता तसं म्हणायला माझ्याकडं आधार होता.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1977 पासून सांगितलं आहे की एकाच चाचणीची वैधता जागोजागी वेगळी दिसते, त्यातला मोठा भाग छोट्या नमुन्यामुळं आणि कच्च्या मोजमापामुळं असतो, कामं खरंच तेवढी वेगळी असतात म्हणून नाही. माझे पहिले वेडेवाकडे आकडे हे त्याचंच उदाहरण होतं. यावरून काही जण म्हणतात, मग एवढ्या बारीक गटांची गरजच काय, सर्वसाधारण बुद्धीची एक चाचणी सगळ्यांना पुरते. हे मला आमच्या शॉपपुरतं पटत नाही. आमच्या तिसऱ्या भावकीत गट लहान नव्हता, तरीही पेपर काही सांगेना. आणि कामं वाक्यावाक्यानं फोडली नसती तर कोअर सेटिंगची 17 मुलं अजून ‘हेल्पर’च्या ढिगात असती.

आमच्या तपासणीत एक उणीव आहे आणि ती मी मालकांना लिहून दिली आहे. आम्ही तपासलेली सगळी माणसं आधीच टिकलेली होती. ज्यांना जमलं नाही ते कधीच सोडून गेले, त्यांचे गुण आमच्याकडं नाहीत. टिकलेल्यांत फरक कमी असतो, म्हणून मेळही कमी दिसतो. याचा खरा निकाल नव्या भरतीवरच लागेल.

आता पास व्हायची एक रेघ नाही. तिसऱ्या भावकीला लेखी पेपरच नाही. तिथं अर्धा दिवस हातात ग्राइंडर देऊन जुन्या फेटलरसोबत उभं करतो, चष्मा आणि हातमोजे न सांगता घालतो का, थकल्यावर हात कसा चालतो, हे दोन जण वेगवेगळे लिहितात. पहिल्या भावकीला आकृत्यांचा पेपर आणि हातानं माप घ्यायची चाचणी. पॅटर्न शॉपला पूर्वीसारखंच, मिस्त्री ठरवतील ते.

कोअर सेटिंगच्या पदनावासाठी मला चार बैठका लागल्या. पगाराचा प्रश्न होता, म्हणून लागल्या. 17 पैकी 11 जणांना ‘कोअर सेटर’ हे नाव आणि त्याची श्रेणी मिळाली, सहा जणांचं अजून अडलं आहे आणि मी ते सोडलेलं नाही. त्या रात्रीच्या मुलाचं नवीन गेटकार्ड मीच त्याच्या हातात दिलं. त्यानं ते कोअरसारखंच दिव्याकडं धरलं, दोन्ही बाजू बघितल्या आणि अंगठ्यानं नावाखालच्या ओळीवरची वाळू पुसली.